कॅसेट कुणाच्या हातात होती

परवा माझा भाचा मोबाईल घेऊन शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, मावशी हे बघ, स्पायडरमॅन बास्केटबॉल खेळतोय. बघितलं तर पार्कातलं कोर्ट, नेहमीची मुलं खेळतायत, आणि मध्येच लाल-निळ्या ड्रेसमधला एक जण येतो, बॉल पायातून काढतो, पाठीमागून फिरवतो, आणि समोरचा पोरगा चक्क खाली बसतो. भाचा हसून हसून लोळायला लागला. मी मात्र दोन सेकंदात ओळखलं. चेहरा झाकता येतो हो, ड्रिबल, म्हणजे बॉल आपटत खेळवणं, नाही झाकता येत. बॉल एका हातातून दुसऱ्या हातात जायच्या आधी तो जो एक बारीकसा थांबा घेतो ना, श्वास रोखल्यासारखा, तो मी कुठेही ओळखेन. अरे हा तर प्रोफेसर आहे, म्हटलं. तर तो म्हणे कसला प्रोफेसर, काय शिकवतो.

मग मी त्याला सांगायला बसले. दहा मिनिटांनी त्याला भूक लागली आणि तो उठून गेला, पण माझं काही थांबेना, म्हणून उरलेलं इथे लिहितेय.

प्रोफेसर म्हणजे ग्रेसन बाउचर. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यातलं कायझर नावाचं गाव, तिथला मुलगा, जन्म १९८४ चा. उंची ५ फूट १० इंच, अंगाने काटक, गोरा, चेहरा असा की कुणी याच्या हातात बॉल बघून घाबरणार नाही. मोठ्या युनिव्हर्सिटीने बोलावलं वगैरे काही नाही, घराजवळच्या कम्युनिटी कॉलेजमध्ये खेळत होता. २००३ मध्ये अँड वन या बुटांच्या कंपनीची स्ट्रीटबॉल, म्हणजे गल्लीतल्या बास्केटबॉलची, टूर पोर्टलंडला आली. या टूरची एक पद्धत होती, मोठी मॅच सुरू व्हायच्या आधी 'ओपन रन' व्हायचा, म्हणजे गावातल्या कुणीही यावं, खेळून दाखवावं, आवडला तर संध्याकाळी हजारो लोकांसमोर टूरच्या टीमबरोबर उतरायची संधी, आणि तिथेही टिकला तर बसमध्ये जागा. बसमध्ये जागा मिळाली म्हणजे काम झालं असं नाही, पुढच्या गावात परत टिकायचं, त्याच्या पुढच्या गावात परत, आणि हे सगळं ईएसपीएन या खेळांच्या टीव्ही चॅनलवर दाखवणार, कोण राहिला कोण घरी गेला ते. १९ वर्षांचा हा मुलगा शेवटपर्यंत राहिला आणि कंपनीचं कॉन्ट्रॅक्ट घेऊन बाहेर पडला.

नाव त्याने स्वतः ठेवलेलं नाही हेही सांगायला हवं. स्ट्रीटबॉलमध्ये स्वतःचं नाव स्वतः ठेवता येत नाही. कोर्टावर माईक घेऊन फिरणारा निवेदक असतो, तो तुमचं बारसं करतो, आणि ते पब्लिकला पटलं तर चिकटतं. हॉट सॉस, हेडेक, द मेन इव्हेंट, हाफ मॅन हाफ अमेझिंग, एस्कलेड, सगळी अशीच नावं. समोरच्याला धडा शिकवतो म्हणून हा प्रोफेसर. मला ही पद्धत फार आवडते, कारण त्यात एक गोष्ट पक्की आहे, तुम्ही काय आहात ते बघणारा ठरवतो. नाटकात जसं टाळ्या विकत नाही घेता येत तसं.

पण प्रोफेसरची गोष्ट त्याच्यापासून सुरू होत नाही. खूप मागे जावं लागतं.

न्यूयॉर्कमध्ये हार्लेम भागात १५५ वा रस्ता आणि फ्रेडरिक डग्लस बुलेव्हार्ड जिथे भेटतात तिथे एक मैदान आहे, रकर पार्क. होलकोम्ब रकर नावाचे एक गृहस्थ होते, त्यांनी चाळीसच्या दशकाच्या शेवटी हार्लेममधल्या पोरांसाठी उन्हाळी टूर्नामेंट सुरू केली, हेतू एवढाच की मुलं वाईट नादाला लागू नयेत आणि बॉलच्या निमित्ताने शाळा-कॉलेजात टिकावीत. ते १९६५ मध्ये कॅन्सरने गेले, चाळिशीसुद्धा गाठली नव्हती. पुढे मैदानाला त्यांचं नाव दिलं. तिथे विल्ट चेंबरलेन खेळला, ज्युलियस अर्व्हिंग खेळला, करीम अब्दुल-जब्बार खेळला, म्हणजे एनबीए या अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या बास्केटबॉल लीगमधले देव लोक. आणि त्यांच्यासमोर उभे राहिले गल्लीतले लोक, ज्यांचं नाव हार्लेमबाहेर कुणालाच माहीत नव्हतं.

त्यातला एक अर्ल मॅनिगॉल्ट. टोपणनाव 'द गोट'. उंची फक्त ६ फूट १ इंच, म्हणजे बास्केटबॉलच्या हिशोबाने बुटकाच, पण उडी अशी की बोर्डाच्या वरच्या कडेवर ठेवलेलं नाणं काढून आणायचा असं सांगतात. एका उडीत दोनदा डंक करायचा, म्हणजे वरून हाताने बॉल रिंगमध्ये कोंबायचा, असंही सांगतात. करीमला विचारलं की तू ज्यांच्याविरुद्ध खेळलास त्यातला सगळ्यात भारी कोण, तर त्याने याचं नाव घेतलं, असंही सांगतात. लक्षात आलं का, सगळं 'सांगतात'. कारण दाखवायला जवळजवळ काहीच नाही. कुणी शूट केलं नाही, पेपरात स्कोअर छापून आला नाही. हेरॉइनने त्याला खाल्लं, तुरुंगात गेला, बाहेर आला, एका प्रोफेशनल टीमने ट्रायल दिली पण तोवर पायातली ती उडी संपलेली होती. नंतर मात्र तो सुधारला आणि त्याच शहरातल्या एका मैदानावर मुलांसाठी टूर्नामेंट भरवायला लागला, हे मला नेहमी आवर्जून सांगावंसं वाटतं, कारण लोक त्याची गोष्ट ड्रग्जवर आणून सोडून देतात. १९९८ मध्ये तो हृदयविकाराने गेला, वय ५३.

आणि त्याच १९९८ मध्ये एक व्हिडिओ कॅसेट एका ऑफिसात पोचली होती.

ऑफिस अँड वनचं. ही कंपनी १९९३ मध्ये तीन मित्रांनी काढली, त्यांच्या बिझनेस स्कूलमधल्या प्रोजेक्टमधून. नाव कोर्टावरच्या ओरडण्यावरून, म्हणजे फाऊल होऊनही बास्केट झाली की वर एक फ्री थ्रो मिळतो, तेव्हा खेळाडू छाती काढून ओरडतो 'अँड वन!', ते. सुरुवातीला टी-शर्ट विकायचे, मग बूट. कॅसेट आली न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या एका हायस्कूल कोचकडून, रॉन नॅक्लेरिओ त्यांचं नाव. चित्र एकदम खरखरीत, हलणारं, आणि त्यात एक किडकिडीत मुलगा रकर पार्कात बॉल घेऊन उड्या मारत, अक्षरशः लंगडी घातल्यासारखा पुढे जातोय आणि समोरची मोठमोठी माणसं दिशा चुकतायत. रेफर ऑल्स्टन. त्या उडत उडत ड्रिबल करण्यावरून त्याला नाव मिळालं 'स्किप टू माय लू', लहान मुलांच्या एका गाण्यावरून. कंपनीने ती चित्रं कापली, जोडली, मागे हिपहॉप टाकलं आणि साधारण ५०,००० कॅसेट्स फुकट वाटल्या, बास्केटबॉल कॅम्पमध्ये, क्लबांत, म्युझिक कंपन्यांत. पुढच्या वर्षी बुटांच्या दुकानात खरेदीवर दुसरी कॅसेट फुकट दिली, तर साधारण २ लाख कॅसेट्स तीन आठवड्यांत संपल्या.

आता हे नीट बघा. मॅनिगॉल्टकडे कॅसेटच नव्हती. ऑल्स्टनची कॅसेट होती पण ती कंपनीची. तो कोर्टावर आयुष्यभर जे शिकला ते बूट विकायला वापरलं गेलं. मी त्याला लगेच लूट म्हणणार नाही, कारण ऑल्स्टनला त्यांनी करार दिला, नाव जगभर गेलं, आणि त्या कॅसेटशिवाय आम्हाला तो कधी दिसलाच नसता. पण ज्या पोरांच्या जिवावर पुढे ती टूर शहराशहरात हाऊसफुल्ल झाली, त्यातल्या बहुतेकांकडे टूर बंद पडल्यावर काय उरलं तर टोपणनाव. २००५ मध्ये कंपनी विकली गेली, २००८ पर्यंत ईएसपीएनवरचा कार्यक्रम संपला, बस थांबली. ट्रॉय जॅक्सन, म्हणजे एस्कलेड, ६ फूट १० इंचांचा प्रचंड देहाचा माणूस, जो एवढ्या अंगाने पॉइंट गार्डसारखा, म्हणजे बॉल पुढे नेऊन डाव लावणाऱ्या चपळ खेळाडूसारखा, ड्रिबल करायचा आणि पब्लिक वेडं व्हायचं, तो २०११ मध्ये झोपेतच गेला, ३५ व्या वर्षी. त्याचे जुने तुकडे आजही फिरतात आणि मला ते बघवत नाहीत, पण बघते.

ऑल्स्टनचं पुढे काय झालं ते लोकांना माहीत नसतं म्हणून सांगते. त्याला १९९८ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीएच्या टीम नवे खेळाडू निवडतात तेव्हा, मिलवॉकीने ३९ व्या नंबरवर घेतलं. आणि मग त्या माणसाने जे केलं ते मला त्याच्या सगळ्या क्रॉसओव्हरपेक्षा, म्हणजे बॉल झटकन एका हातातून दुसऱ्या हातात नेऊन दिलेल्या हुलकावण्यांपेक्षा, अवघड वाटतं, त्याने ते सगळं आत ठेवलं. कारण स्ट्रीटबॉलवाला म्हटलं की एनबीएतल्या कोचला धास्ती, हा शो करेल, बॉल घालवेल. तो साधा पास द्यायला शिकला, डाव लावायला शिकला. २००८ मध्ये ह्यूस्टनने सलग २२ मॅच जिंकल्या तेव्हा त्यांचा पॉइंट गार्ड हाच होता. २००९ मध्ये ऑर्लँडोकडून थेट फायनल खेळला, तिसऱ्या मॅचमध्ये २० पॉइंट केले आणि ती मॅच ऑर्लँडोने जिंकली, त्या सिरीजमधली त्यांची तेवढी एकच. त्या रात्री मी स्क्रीनसमोर उभी राहून बघत होते, बसवतच नव्हतं. रकर पार्कातून फायनलपर्यंत आलेला माणूस, आणि एकदाही तो लंगडीवाला ड्रिबल केला नाही त्याने.

मी स्वतः खेळायचे. गार्ड होते. आमच्याकडे एकाने कॉपी करून आणलेल्या अँड वनच्या त्या कॅसेट्स, म्हणजे मिक्सटेप्स, होत्या, कॉम्प्युटरवर लावून मी एकेक मूव्ह थांबवून थांबवून बघायचे, वही घेऊन, कुठला पाय पुढे, डोळे कुठे, खांदा कधी पडला. त्यातून मला एक कळलं जे मला कुणी कोर्टावर शिकवलं नव्हतं, की समोरचा बॉलला फसत नाही. तो तुमच्या खांद्याला फसतो. डिफेंडर तुमच्या कमरेकडे बघत मागे सरकत असतो, तुम्ही खांदा आणि मान एका बाजूला टाकता, वेग थोडा तोडता, त्याला वाटतं हा चालला, तो त्या बाजूच्या पायावर सगळं वजन देतो, आणि नेमकं त्याच क्षणी बॉल गुडघ्याच्या खालून दुसऱ्या बाजूला. आता त्याला वळायचंय पण वजन ज्या पायावर आहे तो पाय उचलता येत नाही. त्यातून दुसरा पाय आडवा आला की माणूस बसतो खाली. याला 'अँकल ब्रेकर' म्हणतात पण घोट्याला काही होत नाही, तोल जातो फक्त. म्हणजे सगळी करामत त्या थांब्याची. बॉल किती जोरात आपटला याची नाही.

आणि बॉल खाली ठेवणं! ड्रिबल जितका उंच तितका वेळ बॉल हवेत, हवेतल्या बॉलवर कुणाचाही हक्क. म्हणून हे लोक वाकून, बॉल घोट्याजवळ ठेवून, मान मात्र वर. हे एक वाक्य लिहायला सोपं आहे, मला ते जमायला दोन वर्षं लागली, रोज तासभर, मांड्या पेटायच्या.

मग एक दिवस मॅचमध्ये मी तो अँकल ब्रेकर केला. समोरची मुलगी गेली एका बाजूला, मी दुसऱ्या, ले-अप, म्हणजे बास्केटजवळचा शॉट, सोपा पडला. आणि आमच्या कोचनी मला बाहेर काढलं. म्हणाले, "सर्कस करायची असेल तर दुसरीकडे जा, इथे खेळ चालतो." ती मॅच मी बेंचवर बसून संपवली. त्या माणसाचं बाकी सगळं बरोबर होतं, शिस्त त्यांनीच लावली आम्हाला, पण ते वाक्य अजून टोचतं, कारण ते चूक होतं. पॉइंट आले होते. नियम मोडला नव्हता. फक्त बघणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या, एवढाच गुन्हा.

'सर्कस' हा शब्द फार जुना आहे या धंद्यात. बॉलच्या करामती दाखवत फिरणाऱ्या हार्लेम ग्लोबट्रॉटर्स या टीमला तो आयुष्यभर ऐकावा लागला. नावात हार्लेम, पण टीम शिकागोची, १९२६ मधली, मालक एब सेपरस्टीन. हार्लेममध्ये ते पहिल्यांदा खेळले थेट १९६८ मध्ये. सुरुवातीला ते गंमत करत नव्हते, गावोगावी जाऊन स्थानिक टीमला हरवायचे, सगळे काळे खेळाडू, आणि ज्या गावात खेळायचे तिथल्या अनेक हॉटेलांत त्यांना जेवायला राहायला मिळायचं नाही. रोज रात्री एवढ्या मोठ्या फरकाने जिंकायला लागले की पब्लिक कंटाळून जाईल, परत बोलावणार नाही, आणि हरलेल्या गोऱ्या टीमचा राग वेगळाच. मग थोडा दम घ्यायला मिळावा, लोकांनी हसावं, वातावरण निवळावं म्हणून बॉलचे खेळ सुरू झाले. त्या गमतीत किती हिशोब होता बघा. पण खेळता येतं की नाही हे १९४८ मध्ये शिकागो स्टेडियममध्ये कळलं सगळ्यांना, जॉर्ज मायकन या स्टार खेळाडूच्या मिनियापोलिस लेकर्स या प्रोफेशनल टीमला त्यांनी ६१-५९ ने हरवलं, अगदी शेवटच्या सेकंदाला अर्मर रॉबिन्सनच्या शॉटवर. दोनच वर्षांनी, १९५० मध्ये, एनबीएने काळ्या खेळाडूंना दार उघडलं आणि ग्लोबट्रॉटर्समधूनच नॅट 'स्वीटवॉटर' क्लिफ्टन न्यूयॉर्क निक्सकडे गेला.

गूस टेटम हा त्यांचा सोंगाड्या. लांबच लांब हात, हुक शॉट, म्हणजे एका हाताने डोक्यावरून फेकलेला, असा की बघायचंही नाही बास्केटकडे. आणि मार्क्स हेन्स, ज्याला मी या सगळ्या ड्रिबलवाल्यांचा मूळपुरुष मानते. गुडघ्यावर घसरत, जमिनीवर आडवा होऊन, पाच जणांच्या मधून बॉल फिरवत ठेवायचा आणि कुणाच्या हाताला लागू द्यायचा नाही. आज मोबाईलवर जे जे दिसतं त्यातलं निम्मं तरी हेन्सने आधी करून ठेवलंय. आणि हाच हेन्स १९५३ मध्ये सेपरस्टीनशी करारावरून वाजल्यावर टीम सोडून बाहेर पडला आणि स्वतःची फॅब्युलस मॅजिशियन्स नावाची टीम काढली! त्या काळात, एका काळ्या खेळाडूने, स्वतःची टीम. १९९८ मध्ये तो बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये गेला, ग्लोबट्रॉटर म्हणून तिथे जाणारा पहिला खेळाडू. (हो, परत १९९८. मलाही लिहिताना आत्ताच लक्षात आलं.)

मेडोलार्क लेमनचंही तेच. त्याचा तो पाण्याच्या बादलीचा खेळ सगळ्यांना माहीत असतो, आधी एका बादलीतलं पाणी रेफरीच्या अंगावर जातं, मग दुसरी बादली घेऊन तो पब्लिकमध्ये पळतो, लोक किंचाळत खाली वाकतात आणि बादलीतून पडतात कागदाचे तुकडे. आणि अर्ध्या कोर्टावरून हुक शॉट. हा माणूस टीमचा चेहरा होता, दोन दशकांहून जास्त काळ, आणि १९७८ मध्ये तोही पैशाच्या वादातून बाहेर पडला आणि स्वतःची टीम घेऊन फिरायला लागला. कर्ली नील मात्र २२ सीझन राहिला, १९६३ ते १९८५, डोक्याचा गोटा, चेहऱ्यावर हसू, आणि ९७ देशांत मिळून ६,००० हून जास्त मॅच. आकडा परत वाचा. वर्षाला सरासरी पावणेतीनशे, म्हणजे आठवड्यातून पाच वेळा, रोज वेगळं गाव, रोज तीच गंमत, आणि समोर बसलेल्या पोराने ती पहिल्यांदाच बघितलेली असते त्यामुळे तुम्हाला ती पहिल्यांदाच केल्यासारखी करायची. गुडघे किती वेळा घासले असतील त्या लाकडी फ्लोअरवर. याला सर्कस म्हणा हवं तर, पण मग सर्कस हा शब्द मानाने उच्चारा.

१९८५ मध्येच लिनेट वुडर्ड आली, ग्लोबट्रॉटर्समधली पहिली बाई. १९८४ च्या ऑलिंपिकमध्ये सोनं जिंकलेल्या अमेरिकन टीमची ती कॅप्टन, कॅन्सस युनिव्हर्सिटीकडून ३,६४९ पॉइंट केलेले, आणि तरी तिच्या देशात तेव्हा बायकांसाठी टिकणारी अशी प्रोफेशनल लीग नव्हती. डब्ल्यूएनबीए, म्हणजे बायकांची एनबीए, आली १९९७ मध्ये. म्हणजे त्या काळात जगातल्या एका सर्वोत्तम बास्केटबॉलपटूला बॉल हातात घेऊन पोट भरायचं होतं तर रस्ता होता गंमत करणाऱ्या टीमचा. तिचा चुलत-मावस नात्यातला भाऊ गीस ऑस्बी आधीच त्या टीममध्ये होता, लहानपणापासून तिने बॉल बोटावर फिरताना घरात बघितलेला. मला कोचनी बाहेर काढलं त्या आठवड्यात मी तिच्याबद्दल पहिल्यांदा वाचलं होतं, त्यामुळे माझ्यासाठी ती नुसती माहिती नाहीये.

अजून एकाबद्दल सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. रेड क्लॉट्झ. ग्लोबट्रॉटर्स रोज जिंकतात म्हणजे रोज कुणीतरी हरतं ना, तर ती हरणारी टीम याची, वॉशिंग्टन जनरल्स. स्वतः १९४८ मध्ये बाल्टिमोर बुलेट्सकडून चॅम्पियनशिप जिंकलेला माणूस, आणि नंतरचं सगळं आयुष्य हजारो मॅच हरण्यात गेलं. पण हरायचं म्हणून खेळायचे नाहीत ते, ग्लोबट्रॉटर्सची गंमत चालू असताना अडवायचं नाही एवढं ठरलेलं, बाकी वेळ खरा खेळ. ५ जानेवारी १९७१ ला टेनेसीतल्या मार्टिन या गावी ग्लोबट्रॉटर्स गमतीत रमले, स्कोअर घसरला, आणि शेवटच्या सेकंदांत क्लॉट्झने, वय ५०, शॉट मारला. १००-९९. जनरल्स (त्या दिवशी न्यू जर्सी रेड्स या नावाने) जिंकले. स्टेडियम गप्प झालं आणि पोरं रडायला लागली. मी तो प्रसंग किती वेळा डोळ्यासमोर आणलाय सांगू. तुम्ही आयुष्यातला असा शॉट मारलाय आणि समोरची मुलं रडतायत. दुसऱ्या दिवशी बॅग भरून परत पुढच्या गावाला, परत हरायला.

तर प्रोफेसर. टूर बंद पडल्यावर बाकीच्यांसारखाच तोही अधांतरी होता. काही वर्षं बॉल अप नावाच्या दुसऱ्या टूरबरोबर खेळला. आणि मग त्याने ती गोष्ट केली जी आधीच्या कुणालाच करता आली नव्हती, कॅमेरा स्वतःचा केला. स्वतःचं यूट्यूब चॅनल. पार्कात जायचं, अनोळखी माणसांशी एकास एक खेळायचं, शूट करायचं, स्वतः टाकायचं. स्पायडरमॅनचा तो ड्रेस घातला आणि व्हिडिओ जगभर पसरला. आज लाखो लोक चॅनल बघतात, जाहिरातीचा पैसा, शिकवायचे व्हिडिओ, कॅम्प, देशोदेशी शो. पुढची पिढी तर सुरुवातच इथून करते. कॅनडाचा जॉर्डन किलगॅनन म्हणून एक डंकर आहे, कुठल्याही मोठ्या लीगमध्ये न खेळता फक्त डंकवर त्याने नाव कमावलं, २०१६ मध्ये टोरंटोत एनबीए ऑलस्टारच्या, म्हणजे निवडक खेळाडूंच्या मॅचच्या, वेळी पब्लिकसमोर आला तो जीन्स घालून, आणि पाठीमागून डोक्यावरून, बास्केट न बघता बॉल आत घातला. एनबीएचे खेळाडू तोंडावर हात ठेवून बघत होते.

मला माहितेय काही जण म्हणतील की पार्कात अनोळखी पोराला बसवणं आणि प्रोफेशनल डिफेंडरला बसवणं यात फरक आहे. आहेच. ड्रिबल करताना तळहात बॉलच्या खाली जातो, पावलं जास्त पडतात, कडक रेफरी असता तर शिट्टी वाजली असती, तेही खरं. पण मी म्हणते तो वेगळा धंदा आहे आणि त्याची मोजमापं वेगळी आहेत. एनबीएतल्या गार्डला पॉइंट हवेत, ड्रिबल हे साधन. या माणसांना तो क्षण हवा, समोरचा चुकला आणि सगळ्या बघणाऱ्यांच्या तोंडून एकदम 'ओऽऽ' निघालं, तो. तो न चुकता, थंडीत, उन्हात, दुखऱ्या गुडघ्याने, रोज काढून दाखवायचा. आणि पेन्शन नाही, युनियन नाही, दुखापत झाली तर महिन्याचं चेक येत नाही, व्हिडिओ टाकला नाही तर लोक दुसरीकडे जातात. कॅमेरा स्वतःचा झाला म्हणून सगळं सोपं झालं असं मला अजिबात म्हणायचं नाही, आधी कंपनीच्या बसचं वेळापत्रक होतं आता चॅनलचं. पण मॅनिगॉल्टची उडी आज कुणाला दाखवता येत नाही आणि बाउचरचा क्रॉसओव्हर माझा भाचा बिछान्यात पडून चार वेळा मागे नेऊन बघतो, आणि त्या बघण्याचा पैसा त्या हाताला जातो ज्याने बॉल मारला. माझ्यासाठी एवढं पुरेसं मोठं आहे.

भाचा जेवून परत आला तेव्हा मी त्याला जुनी स्किपची चित्रं लावून दिली, ती खरखरीत. त्याने थोडा वेळ बघितलं आणि विचारलं, मावशी, प्रोफेसर याच्याकडून शिकला का? म्हटलं हो, आणि तो त्याच्या आधीच्यांकडून. मग त्याला खाली नेऊन खांदा कसा टाकायचा ते दाखवलं. बॉल त्याच्या छातीएवढा उडतोय अजून, खाली ठेव खाली ठेव म्हणून माझा घसा बसला.

प्रोफेसरने आता चाळिशी ओलांडलीय. नवा व्हिडिओ आला की मी डंक, मुव्ह, पब्लिक काही बघत नाही, आधी तो थांबा बघते, बॉल हात बदलायच्या आधीचा. पूर्वीपेक्षा किंचित लांबलाय असं मला वाटतं. पायातला वेग थोडा कमी झाला असेल म्हणून तो समोरच्याला थोडं जास्त वेळ वाट बघायला लावतो. आणि समोरचा अजूनही खाली बसतो.